गाडी लाखभर किलोमीटर चालली? मग 'जाड ऑइल' टाकण्याआधी हे वाचा



यूट्यूबवर 'हाय मायलेज ऑइल' असं टाकून बघा, परदेशातले ढीगभर व्हिडिओ येतील. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की हे ऑइल टाकलं की गाडीचं ॲव्हरेज वाढणार. तसं अजिबात नाही. आपण 'मायलेज' म्हणतो ते एका लिटरमध्ये गाडी किती जाते याला. अमेरिकेत 'हाय मायलेज' गाडी म्हणजे भरपूर किलोमीटर चाललेली गाडी. त्या ऑइलमध्ये जुने रबरी सील मऊ ठेवणारी रसायनं थोडी जास्त असतात, एवढंच. पेट्रोल वाचण्याशी त्याचा संबंध नाही.

आता आपल्याकडचं बघू. एमएच-२४ असो की एमएच-२६, रोजच्या कामाची गाडी बहुतेक जुनीच असते. कोणाकडे वडिलांनी वापरलेली स्प्लेंडर, कोणी पहिल्या पगारावर सेकंड हँड स्विफ्ट घेतलेली. औशाहून लातूरला रोज कामाला येणाऱ्याचा हिशेब करा. एका बाजूने साधारण २० किलोमीटर, म्हणजे दिवसाला ४०. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,०४० आणि वर्षाला जवळपास साडेबारा हजार. आठ वर्षांत काटा एक लाखावर.

अशी गाडी गॅरेजला नेली की एक सल्ला हमखास मिळतो: "गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाकत जा." हा सल्ला पूर्ण चूक नाही, पण बहुतेक वेळा तो न मोजता दिलेला असतो. म्हणून उत्तर आधीच सांगतो. फक्त ओडोमीटर बघून ऑइल जाड करू नका. गाडी किती ऑइल खाते ते मोजा, मॅन्युअलमधला ग्रेड टाका आणि एअर फिल्टरकडे जास्त लक्ष द्या. का, ते आता एकेक करून बघू.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

समजा डब्यावर १०डब्ल्यू-३० लिहिलंय. यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा सांगतो की थंड इंजिन चालू होताना ऑइल किती सहज वाहतं. आकडा जितका लहान तितकं ते थंडीत पातळ राहतं. ही चाचणी फार कमी तापमानाला होते. १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंश, २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंश.

आपल्याकडे पारा शून्याच्या जवळही जात नाही, मग या आकड्याचा उपयोग काय? उपयोग आहे. डिसेंबरच्या सकाळी गाडी चालू करता तेव्हा ऑइल खाली तळाशी बसलेलं असतं. ते वरच्या भागांपर्यंत पोचेपर्यंतचे काही क्षण धातूवर धातू जवळजवळ कोरडाच घासतो. पातळ ऑइल तिथे लवकर पोचतं.

दुसरा आकडा, म्हणजे ३०, गरम इंजिनसाठी. १०० अंश सेल्सिअसला ऑइलचा दाटपणा मोजतात, त्याचं एकक सेंटिस्टोक. ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असतं. म्हणजे ३० वरून एकदम ५० वर गेलात तर गरम इंजिनमधलं ऑइल दीडपट किंवा त्याहून जास्त दाट होतं. हा फरक छोटा नाही.

"पण नांदेडचं ऊन बघा ना!"

मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३ ला जातो, म्हणून ऑइल जाड पाहिजे, असंही सांगतात. कारच्या बाबतीत यात फारसा दम नाही. कारचं इंजिन पाण्याने, म्हणजे कूलंटने थंड होतं आणि थर्मोस्टॅट ते तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. बाहेर २० अंश असोत की ४२, आत फार फरक पडत नाही. कूलिंग सिस्टीम धड असेल तर.

बाइकचं गणित वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक साध्या बाइक हवेवर थंड होतात. दुपारी वजिराबादच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना इंजिनवर वारा लागतच नाही आणि ते जास्त तापतं. पण हे कंपनीलाही माहीत असतं. म्हणून तर पल्सरसारख्या बाइकला २०डब्ल्यू-५० आणि स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० असे वेगवेगळे ग्रेड दिले गेले. मित्राच्या पल्सरला चालतं ते तुमच्या स्प्लेंडरला चालेलच असं नाही.

जाड ऑइल नेमकं काय करतं?

इंजिन झिजलं की फिरणाऱ्या भागांमधली फट थोडी वाढते. पातळ ऑइल त्या फटीतून लवकर निसटतं, त्यामुळे ऑइल प्रेशर कमी होतं. जाड ऑइल टाकलं की प्रेशर वाढतं, आवाज थोडा कमी होतो, धूरही कमी दिसतो. मिस्त्री हे अनुभवाने सांगतो, त्यात खोटं काही नाही.

पण झिजलेली रिंग किंवा कडक झालेला व्हॉल्व्ह सील त्याने दुरुस्त होत नाही. फक्त लक्षण झाकलं जातं. उलट दुसरीकडे काही गोष्टी बिघडतात:

- सकाळी चालू करताना ऑइल वर पोचायला जास्त वेळ लागतो.
- अलीकडच्या कारमध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर आणि व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवरच चालते. त्यांच्या वाटा अगदी बारीक असतात, पातळ ऑइल धरूनच बनवलेल्या.
- पंपाला जास्त ताकद लागते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं.
- दाट ऑइल थंड असताना फिल्टरमधून नीट जात नाही. अशा वेळी फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनमध्ये फिरतं.

म्हणून नियम सोपा ठेवा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेले असतात. गाडी खरंच ऑइल खात असेल तर त्या यादीतलाच एक पायरी वरचा ग्रेड घ्या. यादीबाहेर जाऊ नका. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर त्याची पीडीएफ मिळते, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आधी मोजा: फोनवर दोन मिनिटांचं काम

फोनमध्ये बॅटरी हेल्थ दिसते. गाडीत तसा आकडा दिसत नाही, पण काढता येतो. त्यासाठी लागते डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, आणि फोनमधलं नोट्स ॲप.

गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. बाइक असेल तर मेन स्टँडवर सरळ उभी ठेवा. पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि बघा. एक बारकावा: अनेक हिरो-होंडाच्या बाइकमध्ये मोजताना पट्टी फिरवून आवळायची नसते, नुसती टेकवायची असते. काही बाइकला पट्टीऐवजी काचेची छोटी खिडकी असते. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये बघून घ्या. मग पट्टीचा आणि ओडोमीटरचा फोटो काढा, झालं.

उदाहरण घेऊ. ऑइल बदललं तेव्हा कारचा काटा ९२,००० वर होता आणि लेव्हल वरच्या खुणेवर होती. ९५,००० ला परत वरच्या खुणेपर्यंत आणायला ३०० मिली ऑइल लागलं. म्हणजे दर १,००० किलोमीटरला १०० मिली. कारमध्ये तीन-साडेतीन लिटर ऑइल असतं, तेव्हा महिन्याला टॉप-अप करत राहिलात तर अशी गाडी आणखी बरीच वर्षं चालू शकते. घाईने काही करायची गरज नाही.

आता हाच आकडा १०० सीसी बाइकला लावा. तिच्यात एक लिटरपेक्षाही कमी ऑइल असतं. १,००० किलोमीटरला १०० मिली गेलं आणि तुम्ही ५,००० पर्यंत पट्टी काढूनच बघितली नाही, तर अर्ध्याहून जास्त ऑइल संपलेलं असेल. लोहा-अहमदपूर रस्त्यावर भर दुपारी बाइक जाम होते ती अशीच. ऑइलच्या ग्रेडमुळे नाही, ते संपल्यामुळे. म्हणून जुनी बाइक असेल तर आठवड्याला एकदा पट्टी बघाच.

खरा प्रश्न आकडा स्थिर आहे की वाढतोय, हा आहे. १०० मिलीचे तीन महिन्यांत ३०० झाले तर ऑइल बदलून भागणार नाही, मिस्त्रीला दाखवा. आणि लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे कधी भरू नका. जास्त ऑइलला फेस येतो आणि फेसाने वंगण होत नाही.

रंगावर जाऊ नका, धूर बघा

"ऑइल काळं पडलं, म्हणजे खराब झालं" हेही अर्धवट खरं. डिझेल गाडीत नवीन ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं, कारण ते काजळी स्वतःत धरून ठेवतं. तेच त्याचं काम आहे. घाबरायचं ते ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर. त्यात पाणी किंवा कूलंट मिसळल्याची ती खूण असते. अशी गाडी पुढे चालवू नका.

धुराचा रंगही सांगतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. गरम इंजिनमधून सतत पांढरा धूर येत असेल तर कूलंट जळत असण्याची शक्यता असते. धूर निळा असला तरी लगेच इंजिन उघडायला सांगू नका. आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनमधली वाफ परत ओढून घेणारा छोटा व्हॉल्व्ह तपासायला सांगा. तो तुंबला तरी गाडी ऑइल खाते, आणि तो स्वस्तात बदलता येतो.

ग्रेड जुळला तरी ऑइल चुकू शकतं

डब्यावर ग्रेडखेरीज आणखी काही अक्षरं असतात. दुकानात ती कोणी वाचत नाही, पण गडबड तिथेच होते.

*बाइक:* गिअरच्या बाइकमध्ये क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. म्हणून तिला 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं ऑइल लागतं. कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात. ती बाइकमध्ये गेली की क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही.

*स्कूटर:* ॲक्टिवासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळा असतो. तिथे 'जासो एमबी' चालतं. पण स्कूटरचा उरलेला एमबीचा डबा बाइकमध्ये ओतू नका.

*पेट्रोल कार:* इथे एपीआय बघा. 'एसएन' हा दर्जा २०१० मध्ये आला, 'एसपी' २०२० मध्ये. एस नंतरचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा, आणि नवा दर्जा साधारणपणे जुन्या पेट्रोल कारलाही चालतो. ग्रेड मात्र मॅन्युअलचाच हवा.

*डिझेल कार:* सगळ्यात जास्त काळजी इथे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. बीएस-६ डिझेल कारमध्ये सहसा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं, मॅन्युअलमध्ये ते 'एसीईए सी२' किंवा 'सी३' अशा नावाने दिलेलं असतं. जुन्या पद्धतीचं ऑइल टाकलं तर राखेने तो फिल्टर तुंबतो, आणि तो फार महाग असतो. डिझेल स्विफ्टचं म्हणाल तर मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल कार बंदच केल्या, त्यामुळे ती बीएस-६ आधीचीच असणार. बाकी कुठली सेकंड हँड डिझेल घेत असाल तर डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवाहन ॲपवर आरसी उघडा. त्यात गाडी बीएस-४ की बीएस-६ ते लिहिलेलं असतं.

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट. घरी ट्रॅक्टर असेल तर ऑइलची बकेट कोपऱ्यात असतेच. "डिझेलचंच तर आहे" म्हणून त्यातलं लिटरभर कारमध्ये ओतायचा मोह होतो. बकेटवरचा ग्रेड आणि दर्जा कारच्या मॅन्युअलशी जुळला तरच टाका. गिअर आणि हायड्रॉलिकचं ऑइल असेल तर मुळीच नाही.

मराठवाड्यात पहिला नंबर एअर फिल्टरचा

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. ऑइलवर तासभर चर्चा करणारा माणूस एअर फिल्टर मात्र झटकून परत बसवतो.

जरा हिशेब करा. १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन २,५०० आरपीएमला मिनिटाला जास्तीत जास्त १,५०० लिटर हवा ओढू शकतं. कारण चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा सिलिंडर हवेने भरतो: १.२ गुणिले १,२५०. ९७ सीसीची स्प्लेंडरही ४,००० आरपीएमला मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास जाऊ शकते. ही सगळी हवा त्या एका फिल्टरमधून जाते.

आणि आपली हवा कशी? ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा, मग मांजरा पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर सुरू, त्यांच्या मागे उडणारी माती, रस्त्याच्या कामाचा मुरूम, खडी क्रशरची पूड. या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते आत गेले की पिस्टन, रिंग आणि सिलिंडरला पॉलिश पेपरसारखे घासतात. मग रिंग सैल होते, ऑइल वर चढून जळतं, आणि आपण म्हणतो गाडी ऑइल खायला लागली. म्हणजे जाड ऑइलचा प्रश्न बऱ्याचदा एअर फिल्टरपासून सुरू झालेला असतो.

काय करायचं:

- कोरड्या कागदी फिल्टरला हवा मारायचीच असेल तर कमी प्रेशरने आणि आतून बाहेर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जवळून मारली तर कागद फाटतो.
- फिल्टर उजेडासमोर धरा, किंवा मागून फोनचा टॉर्च लावा. कुठे भोक दिसलं तर फेकून द्या.
- अनेक हिरो-होंडाच्या बाइकमध्ये तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो हवा मारून साफ करायचाच नाही, थेट बदलायचा.
- फिल्टर बसवल्यावर कडेचं रबर नीट बसलं का बघा. फटीतून गेलेली हवा गाळली जात नाही.

ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर

कारचं ऑइल बदलताना ऑइल फिल्टरही बदला. जुन्या फिल्टरमधलं घाण ऑइल नव्यात मिसळू द्यायचं कशाला? चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते. इंजिन बंद झाल्यावर ती ऑइल फिल्टरमध्येच धरून ठेवते. हलक्या फिल्टरचं हे रबर कडक होतं, ऑइल खाली उतरतं आणि सकाळी गाडी चालू करताच दोन-तीन सेकंद खडखड येते. असा आवाज येत असेल तर आधी चांगला फिल्टर लावून बघा. बदलताना जुन्या फिल्टरचं वॉशर इंजिनला चिकटून तर राहिलं नाही ना, हेही बघा. दोन वॉशर झाले की ऑइल गळतं.

स्प्लेंडरसारख्या अनेक १०० सीसी बाइकमध्ये कागदी ऑइल फिल्टर नसतोच. तिथे जाळी असते आणि फिरून गाळ बाजूला फेकणारा रोटर असतो. तो मॅन्युअलनुसार उघडून साफ करावा लागतो. नुसतं ऑइल बदलून वर्षानुवर्षं चालवलेल्या बाइकमध्ये तिथे गाळ बसलेला असतो.

डिझेल गाडीच्या इंधन फिल्टरमध्ये पाणी साठतं, ते वेळेवर काढायला सांगा. इंजेक्टरचा खर्च बघितला तर हा फिल्टर फुकट वाटेल.

किती किलोमीटरला बदलायचं?

अनेक कारना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं सांगतात. पण मॅन्युअलमध्ये पुढे एक पान असतं: अवघड परिस्थितीत चालणाऱ्या गाड्यांसाठी. धुळीचे रस्ते, छोट्या फेऱ्या, गर्दीतली थांबत-थांबत चाल. त्यांना ऑइल आणि फिल्टर लवकर बदलायला सांगितलेलं असतं. लातूर-नांदेडची बहुतेक रोजची गाडी याच पानात बसते.

इथेही ओडोमीटर फसवतो. नांदेड-लातूर साधारण १४० किलोमीटर एका दमात चालणारी गाडी नीट गरम होते, ऑइलमधलं पाणी आणि इंधन उडून जातं. तरोडा नाका ते वजिराबाद एवढंच रोज चालणारी गाडी गरम व्हायच्या आत बंद होते, तिचं ऑइल कमी किलोमीटरमध्येच खराब होतं. सेकंड हँड गाडीचा काटा मागे फिरवलेलाही असू शकतो. म्हणूनच आकड्यापेक्षा मोजमाप महत्त्वाचं.

जुन्या गाडीचं आधीचं काहीच माहीत नसेल तर डिझेल किंवा रॉकेलने इंजिन 'धुवून' घेऊ नका. सुटलेला गाळ ऑइलच्या वाटा बंद करू शकतो. त्याऐवजी मॅन्युअलचा ग्रेड टाका, दोन-अडीच हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर परत बदला, मग नेहमीच्या वेळापत्रकावर या.

घेताना आणि टाकून देताना

बनावट ऑइलचा धोका खरा आहे. अधिकृत विक्रेत्याकडून किंवा पेट्रोल पंपावरून घ्या. इंडियन ऑइलचं सर्वो, भारत पेट्रोलियमचं मॅक हे पंपावर मिळतं. सील, बॅच नंबर बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. बिल घ्या. ऑइल डोळ्यासमोर ओतायला सांगा आणि रिकाम्या डब्याला भोक पाडा, म्हणजे तो परत भरला जाणार नाही.

काढलेलं ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. जमिनीतल्या पाण्याची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको. जुनं ऑइल पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजकडेच जमा करा.

या रविवारी एवढं करा

१. मॅन्युअल उघडून ग्रेड आणि दर्जा नोट्समध्ये लिहा.
२. पट्टी काढून लेव्हल बघा, ओडोमीटरसह फोटो ठेवा.
३. एअर फिल्टर उघडून टॉर्चवर तपासा.
४. १,००० किलोमीटरनंतर परत मोजा आणि किती मिली लागलं ते लिहा.

पुढच्या वेळी मिस्त्री "जाड टाकू का?" म्हणाला की हा आकडा त्याला दाखवा. चांगला मिस्त्री तो बघूनच पुढचं सांगेल.